पाटे वाढले, पण गाडी वाढली का?



जिल्ह्याच्या बैठकीसाठी छापलेल्या या पानांवर कापसाचा भाव, वीजबिल आणि कर्ज सोडून पिकअपच्या कमानीवर लिहायला घेतले म्हणून काही जण हसतील. हसू द्या. बंडी गेली, बैल गेले आणि त्यांच्या जागी गावोगाव पिकअप आली. कापूस जिनिंगला तीच नेते, खताच्या गोण्या तीच आणते, कडबा तीच वाहते, अडल्यानडल्या बाईला रात्रीबेरात्री दवाखान्यात तीच पोचवते. बहुतेक गाड्या कर्जावरच्या आहेत. आणि जादा पाटा न ठोकलेली गाडी शोधायची म्हटली तर चार गावे हिंडावी लागतील. ज्या जनावरावर आपला संसार चालतो त्याच्या पायात आपण काय अडकवतो आहोत, हे एकदा बसून तपासायला हवे. आम्ही तपासले ते ठेच लागल्यावर. तीच हकिगत आधी सांगतो.

गेल्या साली आम्ही गावातल्या चौघांनी भागीत जुनी पिकअप घ्यायची ठरवली. नवी घेण्याची ऐपत चौघांची मिळूनही नव्हती. आमच्या गावचा एक पोरगा न्हावा-शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवतो आणि गव्हाणला खोली करून राहतो. तो म्हणाला, काका, इकडे गाड्या पुष्कळ विकायला निघतात, एकदा येऊन बघा. म्हणून यवतमाळहून सहाशे किलोमीटरच्या वर मजल मारून आम्ही पनवेल तालुक्यातल्या गव्हाणला पोचलो.

गव्हाण म्हटले की आपल्याला गोठ्यातली गव्हाण आठवते. या गव्हाणला आम्हाला गुरे फारशी दिसली नाहीत. दिसले ते ट्रेलर. खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. एके काळी भाताची खाचरे, मासळी आणि मिठागरे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी पनवेल-उरण-ठाणे पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जमिनीच्या मोलासाठी दि. बा. पाटलांच्या मागे ही सगळी गावे उभी राहिली आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा आणि नवघरच्या बाजूला झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत, हा हक्क त्या रक्तातून आला. पुढे १९८९ ला बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून समुद्रावरचा अटल सेतू येऊन जवळच टेकला, ऑक्टोबर २०२५ मध्ये उलव्याच्या बाजूला विमानतळाचे उद्घाटन झाले. जमीन गेल्यावर माणसाने करायचे काय? तिथल्या पुष्कळांनी डंपर घेतले, ट्रेलर घेतले, पिकअप घेतल्या. आपल्याकडे बैल गेल्यावर गाडी आली, तिकडे जमीन गेल्यावर आली. एवढाच फरक.

गाडीचा मालक आमच्याच वयाचा. बापाचे भाताचे खाचर होते, तिथे आता इमारत आहे, असे त्याने हात करून दाखवले. इमारतींच्या कामावर विटा, लाद्या आणि सिमेंट वाहून त्याने गाडी राबवली होती. गाडीभोवती एक फेरी मारून तो खाली वाकला आणि म्हणाला, "गाडी जुनी हाय, पण कमान बगा. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जादा टाकलेत. सतरा क्विंटलची गाडी पंचवीस घेते. हूं का चूं करत नाय." जादा पाटे तर होतेच. त्याशिवाय दुसऱ्या गाडीचे कडक शॉकअप, रुंद टायर, साट्याच्या तळाला चेकर्ड पत्रा, दोन्ही फळ्यांवर दीड फूट उंचीचा लोखंडी अँगल, केबिनवर कॅरियर आणि पुढे रेड्याच्या शिंगांसारखा बंपर. गाडी चालवायला आमच्यातल्या एकाचा पोरगा बरोबर होता. त्याची नजर त्या बंपरवरून हलेना.

खोटे कशाला सांगा, आम्हालाही गाडी त्या पाट्यांमुळेच आवडली. सौदा करताना पाट्यांचे पैसे आम्ही मनात वेगळे धरले आणि थोडे जास्त मोजले. त्या माणसाने आम्हाला फसवले नाही. त्याला जे खरे वाटत होते ते त्याने सांगितले आणि आम्हाला जे खरे असावेसे वाटत होते ते आम्ही ऐकले.

गावी आल्यावर सहज म्हणून रिकामी गाडी काट्यावर घातली. आर.सी.वर रिकाम्या गाडीचे जे वजन लिहिले आहे, त्याहून काटा १८० किलो जास्त दाखवत होता. काटेवाला म्हणाला, काटा बरोबर आहे, गाडीच जड आहे.

आता हिशेब मांडा. आर.सी.वर दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरा मालासकट एकूण वजन. दुसरा आकडा गाडी बनवणाऱ्याने चाचणी करून ठरवलेला असतो आणि तुम्ही गाडीला सोन्याचे पाटे लावलेत तरी तो तसूभर हलत नाही. माल किती भरायचा? दुसऱ्यातून पहिला वजा करून उरेल तेवढा. म्हणजे पाटा, अँगल, पत्रा, बंपर, जे जे लोखंड आपण गाडीवर चढवतो ते मालातून वजा होते. सतरा क्विंटलची आमची गाडी पंचवीसची झाली नव्हती, ती पंधरा क्विंटल वीस किलोची झाली होती. युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या आम्ही रोज जाता-येता फुकट फिरवत होतो, आणि त्यासाठी वर पैसे मोजून आलो होतो.

कोणी म्हणेल, हा कागदाचा हिशेब झाला, लोखंडाला कागद वाचता येत नाही. बरे, मग लोखंडाचाच हिशेब करू. एकाच जाडीच्या पाच पाट्यांच्या कमानीत तसाच सहावा टाकला तर ती साधारण पाचव्या हिश्शाने कडक होते. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट. पाटे ठोकणारा हे बोटाने मोजत नाही, हाताला येईल तो पाटा घालतो. कमान कडक झाली की भरलेली गाडी मागून बसत नाही, आणि गाडी बसत नाही म्हणजे तिला ओझे होत नाही असे आपण धरून चालतो. खरे तर बैल खाली बसला की आपण समजत होतो, ओझे जास्त झाले, दोन पोती उतरवा. कमान बसणे हीदेखील तशीच खूण. आपण खूणच पुसून टाकली. ओझे तेवढेच राहिले आणि ते कमानीखालच्या आखावर, हबाच्या बेअरिंगवर, चेसिसच्या जोडावर आणि मागच्या दोन टायरांवर गेले. पिकअपला मागे ट्रकसारखी जोडचाके नाहीत, दोनच टायर आहेत. त्या टायरच्या कडेला तो किती किलो सोसतो ते छापलेले असते. आज घरी गेल्यावर वाकून वाचा.

त्याहून वाईट गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आखाला एका काडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. माल भरला, साटा खाली आला, की ती काडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली, साटा वर असला, की कमी देतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत. आता कमान एवढी कडक केली की पंचवीस क्विंटलांतही साटा खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी हलकी आहे. म्हणजे ब्रेक सगळ्यात जास्त हवा असतो नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, लाइनर जळतात आणि घाटाच्या उतारावर ड्रायव्हरच्या पायाखाली पेडल खोल जाते. त्यात वेगाचा हिशेब वेगळाच: ४० च्या जागी ६० च्या वेगाने चाललेली गाडी थांबवायला सव्वादोन पट जोर लागतो. पाटे ठोकणाऱ्याने ब्रेक पाहिले का, असे आम्ही गव्हाणला विचारले नाही. तुम्हीही तुमच्या गॅरेजवाल्याला विचारले नसेल.

आणि आपल्या मालाकडे पाहिले तर या पाट्यांची गंमतच वाटते. सैल कापूस तुडवून भरला नाही तर वजनाची हद्द येण्याआधी उंचीची हद्द येते. कडब्याचेही तेच. कापूस-कडब्याला कडक कमान लागतच नाही. त्याला लागते ते रुंद बूड आणि खाली राहणारे वजन. आपण काय करतो, कमान उचलून साटा दोन-तीन इंच वर नेतो आणि त्यावर कापसाचा डोंगर रचतो. कडक कमानीमुळे गाडी कमी डुलते, हे खरे आहे आणि म्हणूनच ड्रायव्हरला भरवसा वाटतो. पण डोलायची थांबलेली गाडी कलंडायची थांबत नाही. ती कलंडण्याआधी सांगत नाही, एवढेच. ज्वारी-हरभऱ्याच्या पोत्यांचे मात्र उलटे. सतरा पोती टाकली तर साट्याचा तळ जेमतेम झाकतो, आणि एवढी जागा रिकामी बघून कोणाचाही हात राहत नाही. टाक अजून आठ!

का टाकतो, तेही बोलले पाहिजे. शेतकरी हावरट आहे म्हणून नव्हे. समजा बाजाराची खेप २,४०० रुपयांना पडते. पंधरा क्विंटल नेले तर क्विंटलमागे १६० रुपये, पंचवीस नेले तर ९६. क्विंटलमागे ६४ रुपये वाचले, खेपेमागे १,६००. ज्या मालाच्या भावात उत्पादनखर्च भरून निघत नाही, त्या मालाचा मालक हे सोळाशे रुपये सोडणार कसा? पण याच हिशेबाची दुसरी बाजू मांडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड लिहिला आहे. एक टन जादा सापडला तर २२ हजार, म्हणजे चौदा खेपांची बचत एका सकाळी गेली. माल साट्याच्या बाहेर लोंबला, कडब्याच्या पेंढ्या दोन्ही अंगांनी आल्या, तर त्यालाही कलम वेगळे आणि २० हजार वेगळे. टायर आणि लाइनर लवकर गेले ते आपण मोजतच नाही, कारण ते वर्षाच्या शेवटी जातात आणि सोळाशे आज हातात येतात.

इथपर्यंत आम्ही आपल्यालाच बोललो. आता दुसऱ्याला बोलू.

आपली अवजारे कधी कंपनीतून तयार होऊन आली नाहीत. तिफण, वखर आणि डवरा गावचा सुतार बनवी, तीही जमिनीची खोली आणि बैलांची उंची बघून. एकाची तिफण दुसऱ्याच्या रानात चालत नसे. लाकडी चाकाची बंडी मोडली तेव्हा आपल्याच लोहार-सुतारांनी जुन्या मोटारीचा आख आणि टायर लावून रबरी चाकाची बंडी उभी केली. तिच्यावर बैलांचा निम्मा जीव वाचला. ट्रकसुद्धा एके काळी नुसता सांगाडा आणि तोंड घेऊन यायचा, साटा बांधणारे तालुक्याच्या गावी असायचे. वस्तू आपल्या कामाप्रमाणे बदलून घेणे हा शेतकऱ्याचा नाद नव्हे, ती त्याची विद्या आहे.

या विद्येचे कायद्याने काय केले? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ व्या कलमात मूळची एक वाट होती. गाडीत बदल करायचा तर मालकाने आर.टी.ओ.ला कळवायचे, मंजुरी घ्यायची. सात दिवसांत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळाली असे समजायचे. जोडसाहित्यामुळे वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला तर मंजुरीचीही गरज नव्हती. हे लिहिले गेले ते भर लायसेंस-परमिटच्या राज्यात, बरे का. १९९१ ला खुलीकरण आले, परमिट राज संपले म्हणून पेढे वाटले गेले, आणि २००० साली याच कलमाची दुरुस्ती होऊन ती वाट बंद झाली. बनवणाऱ्याने ठरवले त्याहून वेगळे काही करायचे नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. कारखानदार खुला झाला आणि गाडीचा मालक बांधला गेला.

सुरक्षेसाठी बंधन हवे, हे आम्हाला मान्य आहे. वर ब्रेकचे जे लिहिले ते वाचून कोणालाही मान्य होईल. पण बंधन सर्वांना सारखे असावे. रस्ता कोण फोडतो ते बघा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर रात्रंदिवस ट्रक चालवून बघितले. त्यातून निघालेला नियम आजही रस्ते बांधणारे इंजिनियर वापरतात. आखावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. पिकअपच्या मागच्या आखावर दोन टन आणि ट्रेलरच्या आखावर दहा टन धरले, तर ट्रेलरचा एक आख पिकअपच्या ६२५ आखांएवढा रस्ता झिजवतो. गव्हाण फाट्यावर उभे राहून आम्ही चहा प्यालो तेवढ्यात किती आख गेले, ते मोजताना आकडा चुकला. आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने काय केले? जड गाड्यांच्या चार टायरांच्या आखाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली, तीन आखांच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टन केले. वरच्या नियमाने त्या एका आखामागे झीज दीडपटीहून जास्त वाढते. भाडे स्वस्त व्हावे म्हणून हे केले असे सांगितले गेले. ठीक आहे, भाडे स्वस्त व्हायलाच हवे. मग मोठ्यांचे वजन एका अधिसूचनेने वाढते आणि फुटलेल्या रस्त्यावरून गाडी शाबूत न्यावी म्हणून गावचा माणूस एक पाटा टाकतो, तर तो गुन्हेगार? दुखणे एकच, एकाला औषध आणि दुसऱ्याला काठी.

काठी तरी नीट चालते का? पासिंगच्या आदल्या दिवशी बंपर, कॅरियर आणि अँगल उतरतात आणि पासिंगच्या दुसऱ्या दिवशी चढतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंपरवरच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवले. तुमच्या गावातले किती गार्ड उतरले? जो कायदा कोणीच पाळू शकत नाही तो फक्त रस्त्यावर अडवणाऱ्याच्या खिशाला कामाला येतो. आणि चोरून केलेले काम कधी चांगले होत नाही. कमान उघडपणे वाढवता आली असती तर कोणीतरी ब्रेकही पाहिला असता.

आता जे सांगायला जीभ जड होते ते सांगतो. गाडी आल्यावर कापसाची वेचणी सुरू झाली. सकाळी शेजारच्या गावाहून बाया आणायला आमचीच गाडी जायची. इकडे सगळेच तसे आणतात. कडक कमानीची गाडी रिकामी असली की दगडावर चेंडू उडावा तशी मागून उडते. वजन नसेल तर कमान दबतच नाही. एका सकाळी नाल्याच्या मोरीवर गाडीचा मागचा भाग उसळला आणि फळक्याजवळ बसलेली आमच्यातल्या एकाची वहिनी खाली गेली. वेग फार नव्हता, म्हणून हातावर निभावले. मनगटाचे हाड मोडले, दोन महिने हात गळ्यात. सीतादहीची वेचणी तिच्याशिवाय झाली आणि तिची मजुरी बुडाली.

त्या रात्री विम्याचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस जात असेल तर त्याला १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे. सकाळी रिकाम्या गाडीत वेचणीला निघालेली बाई त्यात बसवणे अवघड. वहिनी घरची, म्हणून चौघांनी वर्गणी काढून खर्च भागवला. गाडीत त्या दिवशी अकरा बाया होत्या. बाकीच्या दहा जणींतली एखादी पडली असती, आणि हातावर पडली नसती, तर? चारही घरांची जमीन मिळून त्याचे उत्तर देऊ शकली नसती.

दुसऱ्या दिवशी जादा पाटे काढले.

एवढ्यावर हात झटकून मोकळे व्हावे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या रस्त्यांना आणि आपल्या मालाला कंपनीची मूळ गाडी पुरत नाही, हे सत्य पाटे काढल्याने बदलले नाही. वाट कशी काढायची, याचा नमुना आपल्याच देशात आहे. पेट्रोलच्या गाडीला सी.एन.जी.चा किट बसतो. टाकीत दाब भरलेला गॅस घेऊन फिरायचे, म्हणजे पाट्याहून धोक्याचे काम. तरी ते कायद्याने होते. किट तपासून मंजूर झालेला असतो, नेमलेल्या केंद्रावर बसतो आणि आर.टी.ओ. त्याची नोंद आर.सी.वर करतो. सी.एन.जी.ला जे जमते ते कमानीला का जमू नये? ऑस्ट्रेलियात हे चालू आहे. तिथे आपल्यासारखीच लांबच लांब कच्च्या रस्त्यांची कोरडवाहू शेती आहे. तिथे गाडीचे मंजूर एकूण वजनच वाढवून घेता येते. कमान, शॉकअप आणि लागेल ते सगळे मिळून तपासलेला संच बसवायचा, जाणत्या इंजिनियरने प्रमाणपत्र द्यायचे आणि नवा आकडा कागदावर चढायचा. तपासणी करणारी एआरएआय संस्था आपल्या पुण्यातच आहे, १९६६ पासून. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या ती तपासते. तिच्या दारात शेतकऱ्याच्या पिकअपची कमान का जाऊ नये?

म्हणून या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. प्रचलित पिकअपच्या प्रत्येक नमुन्यासाठी कमान, ब्रेक आणि टायर यांचा एकत्र तपासलेला संच मंजूर व्हावा, आणि तो बसवल्यावर किती वजन चालेल तो आकडा आर.सी.वर यावा. बसवण्याचे काम तालुक्याच्या गॅरेजला मिळावे, त्यासाठी जिल्ह्याला खेटे नकोत. कापूस आणि कडबा अशा हलक्या पण फुगीर मालासाठी काढता-घालता येणाऱ्या चौकटीचे एक माप ठरावे, म्हणजे अँगल चोरून लावावा लागणार नाही. आणि १९८८ ची सात दिवसांची अट परत यावी: सात दिवसांत उत्तर नाही, तर मंजुरी.

काही जुने कार्यकर्ते विचारतील, सरकारकडे परवाने मागायला कधीपासून लागलो? प्रश्न रास्त आहे. आम्हालाही कोणाच्या टेबलावर कागद ठेवायची हौस नाही. पण रस्ता एकट्याचा नसतो. आपल्या शेतात कोणते बी पेरायचे ते आपण ठरवू. समोरून येणाऱ्या एस.टी.तल्या माणसांना मात्र आपला ब्रेक लागतो की नाही हे कळायचा हक्क आहे. तेवढ्यापुरती तपासणी असावी, आणि ती गाडीची असावी, मालकाच्या खिशाची नको.

बैठकीला येताना ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी आर.सी.ची प्रत आणि रिकाम्या गाडीची काटापावती बरोबर आणावी. गाडी पूर्ण रिकामी करून, डिझेल किती आहे ते लिहून, काट्यावर घालावी. शे-दोनशे पावत्या एका जागी ठेवल्या तर आपल्या गाड्या किती लोखंड फुकट वाहतात ते बोलून दाखवण्यापेक्षा आकड्यांत दाखवता येईल. आर.टी.ओ.कडे जायचे ते हे गाठोडे घेऊनच.

आमची पावती आम्ही आणू. काढलेले चार पाटे लोहाराकडे दिले. कमानीच्या पोलादासारखे पोलाद नाही, असे तो म्हणाला आणि त्यातून त्याने दोन वखरांच्या पासा आणि राहिलेल्याचे विळे करून दिले. अँगल उतरवला, कॅरियर उतरवला. काटा आता आर.सी.पेक्षा ४० किलो जास्त दाखवतो. ते ४० किलो बहुतेक बंपरचे आहेत. तो काढायला पोरगा अजून तयार नाही.